विमाव्यवहारातील यंत्र आणि माणूस



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय कळवला तो 'विमाव्यवसायातील डिजिटल परिवर्तन आणि स्वयंचलन' असा. हे भारदस्त नाव पत्रिकेत वाचून काही मंडळी आज घरीच राहिली असतील. आणि जी आली आहेत त्यांतील निम्मी तरी आपल्या अडकलेल्या एखाद्या क्लेमची हकिगत मनात घेऊन आली असतील. दोन्ही पक्षांचे बरोबर आहे. विमा हा विषय रुक्ष खरा. पण घरात आजारपण आले, मृत्यू आला किंवा उभे पीक पाण्याखाली गेले, की त्याच्याइतका निकडीचा विषय दुसरा राहत नाही. माझी उमेदीची वर्षे आयुर्विम्याच्या कचेरीत गेली. पंचकार्डांच्या अखेरच्या काळात मी तेथे चिकटलो आणि बाहेर पडलो तेव्हा टेबलाटेबलावर संगणक आला होता. त्यामुळे यंत्राविषयी मला धास्ती नाही आणि भक्तीही नाही.

मला आज एकच गोष्ट आपल्यापुढे मांडावयाची आहे. विम्याच्या व्यवहाराला दोन बाजू असतात. एका बाजूने आपण हप्ता देतो, दुसऱ्या बाजूने कंपनी वचन देते आणि वेळ आली म्हणजे ते पाळते, किंवा पाळत नाही. यंत्र आले ते यांतील कोणत्या बाजूला आधी आले, आणि दुसऱ्या बाजूला आले तेव्हा त्याच्या हाती काय दिले गेले, एवढेच पाहू.

यंत्राचे आणि विम्याचे सख्य आजकालचे नाही, कारण विम्याचा पायाच मुळी मोजणीवर घातलेला आहे. धूमकेतूमुळे ज्याचे नाव आपणांस ठाऊक आहे त्या एडमंड हॅलीने १६९३ साली ब्रेस्लाऊ शहरातील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून एक कोष्टक तयार केले. अमुक वयाच्या माणसांपैकी वर्षभरात किती जण जातील, हे त्या कोष्टकावरून काढता येई. आता यातली गंमत पाहा. कोष्टक 'किती' ते सांगते, 'कोण' ते सांगत नाही. आणि हे 'कोण' आपल्याला ठाऊक नसते म्हणूनच हजार माणसे वर्गणी एकत्र करतात आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याला उचलून धरतात. कोणाचे घर जळणार हे आधीच कळू लागले तर त्या एकाचा हप्ता घराच्या किमतीएवढा होईल आणि उरलेले नऊशे नव्व्याण्णव हप्ता भरणारच नाहीत. विमा तेथेच संपला.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण आजच्या यंत्रांची सगळी धडपड 'कोण' ते ओळखण्याची आहे. मोटारीचा मालक गाडी किती चालवतो आणि कशी चालवतो, त्यावर हप्ता ठरवणाऱ्या जोडयोजनांना आपल्या नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये परवानगी दिली. बेदरकार माणसाने जास्त भरावे, यात वावगे काही नाही. गाडी हळू चालवणे त्याच्या हातात असते. पण ज्याच्या बापाला आणि आजोबाला मधुमेह होता त्याने काय करावे? वडील बदलून घेणे कोणाच्या हातात नसते. वागणुकीचा हप्ता आणि नशिबाचा हप्ता यांत फरक करणे हे काम यंत्राचे नव्हे. ते तुमचे माझे, म्हणजे कायद्याचे काम आहे. असो, हा एक निराळ्या व्याख्यानाचा विषय होईल.

एवढी मोजणी करावयाची म्हटल्यावर विमा कंपन्यांनी यंत्रांची वाट पाहिली नाही, ती त्यांनी बनवली. अमेरिकेतील प्रुडेन्शियल कंपनीचे विमागणिती जॉन गोर यांनी १८९० च्या दशकातच भोके पाडलेली कार्डे आपोआप वेगळी करणारे यंत्र तयार केले होते. १९५४ साली मेट्रोपॉलिटन लाइफ कंपनीने युनिव्हॅक संगणक घेतला, तेव्हा खासगी धंद्यात संगणक आणणाऱ्यांत ती अगदी पहिल्या रांगेत होती.

आपल्याकडे १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. देशी कंपन्या, विदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था एका छपराखाली आल्या. २४५ संस्था म्हणजे २४५ तऱ्हांची दप्तरे, २४५ तऱ्हांचे फॉर्म. हा ढिगारा उपसण्यासाठी कार्डांची यंत्रे आली. कार्डावर ऐंशी रकाने असत आणि प्रत्येक रकान्यात एका अंकाचे किंवा अक्षराचे भोक. कार्डे क्रमाने लावणारे यंत्र एका वेळी एकच रकाना वाची. म्हणजे पॉलिसीचा नंबर आठ आकडी असेल तर तोच गठ्ठा आठ वेळा यंत्रातून काढावा लागे. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एकीने भोके पाडली की दुसरी तोच मजकूर पुन्हा टंकून पाही, आणि दोघींचा मेळ बसला नाही तर यंत्र अडे. चूक होणारच हे गृहीत धरून तिच्यावर दुसरे माणूस बसवलेले असे.

१९६४ साली महामंडळात इलेक्ट्रॉनिक संगणक आला आणि त्याबरोबर झगडाही आला. कलकत्त्याच्या इलाको हाउसमध्ये संगणक बसवण्याच्या बेताविरुद्ध विमा कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारा ठेवला होता. त्या लढ्याची टिंगल करण्याची आज रीत पडली आहे. मला ती पसंत नाही. ज्या देशात कारकुनाची एक जागा निघाली तर हजार अर्ज येत, त्या देशात शंभर कारकुनांचे काम करणारे यंत्र पाहून पोटात गोळा येणे स्वाभाविक होते. हा वाद एवढा वाढला की केंद्र सरकारला स्वयंचलनावर समिती नेमावी लागली. तिचे अध्यक्ष होते आपल्या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर; अहवाल आला १९७२ साली. दांडेकरांचे नाव थोड्या वेळाने पुन्हा येणार आहे, पण निराळ्या निमित्ताने.

वादाचा मुख्य भर मात्र एकाच प्रश्नावर राहिला : किती माणसांच्या नोकऱ्या जातील? टेबलामागचा माणूस गेला तर टेबलासमोरच्या माणसाचे काय होईल, हा प्रश्न त्या धामधुमीत मागे पडला. आणि पुढे यंत्र आले तेव्हा, खरे सांगायचे तर, टेबलासमोरच्या माणसाचे आधी चांगलेच झाले. पूर्वी रत्नागिरीला काढलेली पॉलिसी रत्नागिरीच्याच शाखेची असे. गृहस्थाची बदली नागपूरला झाली की त्याच्या पॉलिसीचा डॉकेट टपालाने त्याच्यामागून निघे आणि कित्येकदा तो पोचेपर्यंत गृहस्थाची पुढची बदली झालेली असे. जुलै १९९५ पासून शाखांतून संगणकावर जागच्या जागी सेवा देण्याची मोहीम सुरू झाली. नोव्हेंबर १९९७ मध्ये मुंबईतील ७४ शाखा एका जाळ्यात जोडल्या गेल्या. कोणत्याही खिडकीवर हप्ता भरता येऊ लागला, कर्ज किती मिळेल ते उभ्याउभ्या कळू लागले. ज्यांनी त्यापूर्वी दुपारच्या उन्हात रांगा धरल्या आहेत त्यांना या सुखाची किंमत मी सांगावयास नको.

तेव्हा यंत्राने केलेले भले मी नाकारीत नाही. पण मागच्या कारकुनाबरोबर काय गेले तेही पाहिले पाहिजे. एक उदाहरण देतो, अगदी आपल्या घरातले.

आपल्याकडे मुलगी सासरी गेली की तिचे मधले नाव बदलते, आडनाव बदलते आणि पुष्कळ घरांत पहिले नावही बदलते. शिवाय आपल्या जुन्या कागदांवर आडनाव आधी लिहिण्याची चाल. बाहेरची पद्धत आडनाव शेवटी लिहिण्याची. त्यात रोमन लिपीची भर. मालती हे साधे नाव घ्या. कोणी 'ल'नंतर 'ए' हे अक्षर घालतो, कोणी गाळतो. शेवटी कोणी एक 'आय' लिहितो, कोणी दोन 'ई', कोणी 'वाय'. एकच मालतीबाई शाळेच्या दाखल्यात एक, आधार कार्डात दुसरी, बँकेत तिसरी आणि पॉलिसीत चौथी असते. जुन्या कारकुनाला यात काही अडचण वाटत नसे. तो मराठी घरातला असे. लग्नाने नाव बदलते हे त्याला आईकडे पाहूनच ठाऊक असे. तो एक प्रतिज्ञापत्र मागे, गावच्या मुख्याध्यापकाचा दाखला घेई आणि शेरा मारून कागद पुढे सरकवी. यंत्र अक्षरामागून अक्षर जुळवून पाहते आणि जुळले नाही की 'माहितीत विसंगती' असे म्हणते.

आमच्या ओळखीच्या एका बाईंचे यजमान वारले. पॉलिसीत वारस म्हणून त्यांचेच नाव होते, पण माहेरचे. लग्न ठरल्यावर, ते होण्यापूर्वीच यजमानांनी हौसेने पॉलिसी उतरवली होती. बाईंनी मोबाइलवरून अर्ज भरला, तो परत आला. पुन्हा भरला, पुन्हा परत. प्रत्येक वेळी तेच एक वाक्य. मदतीच्या क्रमांकावर फोन लावला तर 'एक दाबा, दोन दाबा' ऐकून शेवटी जी मुलगी बोलली तिला पडद्यावर दिसत होते तेवढेच वाक्य तिने वाचून दाखवले. बाई मला म्हणाल्या, "काका, मला नाही म्हटल्याचं दुःख नाही हो, पण नाही कोण म्हणतंय तेच कळत नाही." शेवटी कंपनीच्या एका शाखेत एक वयस्कर अधिकारी भेटले. त्यांनी लग्नाची पत्रिका मागितली, ती वाचली आणि हसले. आठवड्यात पैसे जमा झाले. पत्रिका वाचणारा तो माणूस भेटेपर्यंत सात महिने गेले होते.

आता हप्ता घेण्याच्या बाजूकडे पाहा. तेथे अशी विसंगती कधी आडवी येत नाही. २०१५ साली केंद्र सरकारने जीवनज्योती विमा योजना काढली. योजना चांगली आहे. दोन लाखांचा विमा, प्रारंभी वर्षाला ३३० रुपये, जून २०२२ पासून ४३६. खातेदाराने बँकेत एकदा संमती दिली की दरवर्षी मेअखेर पैसे खात्यातून आपोआप कापले जातात. ही स्वयंचलनाची किमया आहे. एरवी एवढ्या थोड्या हप्त्यावर गरिबाचा विमा चालवणे परवडलेच नसते. पण घरचा कर्ता माणूस गेला म्हणजे काय होते? पासबुकातल्या त्या आखूड इंग्रजी अक्षरांचा अर्थ बायकोला ठाऊक नसतो, मुलाला ठाऊक नसतो. विमा होता हेच कोणाला ठाऊक नसते. कुटुंब मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत जाते, खाते बंद करते, उरलेले सतराशे रुपये घेते आणि घरी येते. ज्या बँकेने हप्ता कापला तिच्याच खिडकीवर दाखला ठेवलेला असतो, आणि तरीही पुष्कळदा कोणी म्हणत नाही की बाई, तुमचे आणखी दोन लाख येणे आहे. घेताना यंत्राला आपली आठवण वर्षाच्या वर्षाला, तारीख न चुकता होते. देताना मात्र आपण त्याला आठवण करून द्यावी लागते, ठराविक नमुन्यात आणि जोडपत्रांसह.

असे न मागितलेले पैसे कोठे जातात? दहा वर्षे कोणी मागणी केली नाही तर कायद्याप्रमाणे ते ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जमा होतात. त्यानंतरही पंचवीस वर्षांपर्यंत वारसाला मागता येतात. प्रत्येक कंपनीने आपल्या संकेतस्थळावर अशा रकमा शोधण्याची सोय ठेवली पाहिजे असा नियम आहे. सोय आहे, शोधायचे मात्र आपण. ज्या यंत्राला बँक खाते, आधार, मोबाइल सगळे जोडून मागता येते, त्याला मृत्यूची नोंद पाहून वारसाच्या दाराशी जाता येणार नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. जाता येईल. तसे करावयास कोणी त्याला सांगितलेले नाही, एवढेच.

करता येते याचा पुरावाही आहे. 'सेवा' या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने आपल्या सभासदांसाठी उन्हाच्या तडाख्याचा विमा उतरवला. उष्मा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की अर्ज नाही, पंचनामा नाही, पैसे खात्यात. २०२४ च्या उन्हाळ्यात राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रातील हजारो स्त्रियांना असे पैसे मिळाले. रक्कम थोडी होती. पण डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकणारी बाई दुपारी घरी थांबू शकली, आणि त्यासाठी तिला कोणापुढे आपले उन्हाने भाजलेपण सिद्ध करावे लागले नाही.

आता आरोग्यविम्याकडे वळतो, कारण सभागृहातील चेहऱ्यांवरून दिसते की आपण त्याचीच वाट पाहत आहात.

इस्पितळातून सुटका मिळण्याचा दिवस आपण सर्वांनी पाहिला आहे. डॉक्टर सकाळी नऊला म्हणतात, आता घरी जा. रोगी कपडे बदलून खाटेवर बसतो. मग कंपनीची मंजुरी यावयाची असते. दुपार होते, चहा होतो, संध्याकाळ होते. रोग बरा झालेला माणूस मंजुरीच्या वाटेकडे डोळे लावून पुन्हा आजारी पडण्याच्या बेताला येतो. मे २०२४ मध्ये नियामक प्राधिकरणाने आज्ञा काढली की कॅशलेस उपचाराच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यावा आणि घरी जाण्याच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी. माणसांच्या बळावर एवढ्या वेळात हे होणे नाही. कागद वाचणे, पॉलिसी चालू आहे की नाही ते पाहणे, दर ताडून पाहणे हे यंत्रच करणार, आणि ते त्याने जरूर करावे. लबाडी पकडण्यासही यंत्र उपयोगी पडते. एकच बिल दोन कंपन्यांकडे, एकच क्ष-किरणाचे चित्र तीन रोग्यांच्या नावावर, असे प्रकार माणसाच्या नजरेतून सुटतात, यंत्राच्या सुटत नाहीत. आणि लबाडाने उचललेला पैसा कंपनीचा नसतो, आपल्या सामायिक डब्यातला असतो, हेही विसरून चालणार नाही.

पण त्याच वेगाने नकार निघू लागले तर? अमेरिकेत २०२३ साली प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने सिग्ना या मोठ्या आरोग्यविमा कंपनीसंबंधी वृत्तांत छापला. आजाराचे नाव आणि केलेली तपासणी यांचा मेळ संगणक घाली. मेळ बसला नाही की ती प्रकरणे गठ्ठ्याने डॉक्टरपुढे जात आणि डॉक्टर सही करी. २०२२ सालच्या दोन महिन्यांत अशी तीन लाखांहून अधिक प्रकरणे नाकारली गेली, आणि प्रत्येकावर डॉक्टरने घालवलेला वेळ सरासरी १.२ सेकंद पडला. कंपनीने या वर्णनास हरकत घेतली. तरीही १.२ सेकंदांचा हिशेब विचार करण्याजोगा आहे. तेथे माणूस होता. शिकलेला, पदवीधर, सहीचा अधिकार असलेला माणूस होता. केवळ पाहत नव्हता. तेव्हा 'शेवटी माणूस आहे ना' एवढ्यावर आपण समाधान मानून चालणार नाही. पुढे कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला की उपचार वैद्यकीयदृष्ट्या जरूर नव्हता असा निर्णय केवळ यंत्राने द्यावयाचा नाही. तो अधिकारी वैद्याने, त्या रोग्याची हकिगत पाहून द्यावयाचा. १ जानेवारी २०२५ पासून तो कायदा लागू झाला.

आपल्याकडेही २०२४ च्या त्याच आज्ञेत म्हटले आहे की कंपनीच्या आढावा समितीच्या मंजुरीवाचून कोणताही आरोग्यविम्याचा दावा फेटाळता येणार नाही, आणि फेटाळला तर पॉलिसीतील कोणत्या अटीखाली, ते स्पष्ट कळवावे लागेल. ही तरतूद फार मोलाची आहे आणि फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. माझे मत मी याच्या पुढचे सांगतो. होकार यंत्राने एकट्याने द्यावा. त्यात चूक झाली तर कंपनीचे थोडे पैसे जातील. नकार मात्र यंत्राने एकट्याने देऊ नये. नकाराच्या पत्राखाली माणसाचे नाव असावे, त्याचा हुद्दा असावा आणि त्याने कोणते कागद वाचले त्यांची यादी असावी. यामुळे काम सावकाश होईल, असे कंपन्या म्हणतील. होऊ द्या. नाही म्हणण्याची घाई कोणाला आहे?

दांडेकरांकडे आता परत येतो. ज्यांनी स्वयंचलनाच्या समितीचे अध्यक्षपद भूषवले त्यांनीच १९७६ साली पीकविम्याची एक कल्पना मांडली, आणि ती आजही देशाच्या पीकविम्याचा कणा आहे. त्यापूर्वी काय चालले होते ते पाहा. १९७२ साली प्रत्येक शेतकऱ्याचा वेगळा विमा उतरवण्याचा प्रयोग कापसापासून सुरू झाला. १९७८ पर्यंत त्यात सामील झाले अवघे ३,११० शेतकरी; हप्ते जमले ४.५४ लाख रुपयांचे आणि भरपाई द्यावी लागली ३७.८८ लाखांची. दर शेतावर निरीक्षक पाठवणे परवडत नव्हते, आणि पाठवला तरी पीक पावसाने गेले की हयगयीने, हे ठरवणे अवघड होते.

दांडेकर म्हणाले, शेत पाहूच नका, क्षेत्र पहा. एका क्षेत्रात काही शेते चिठ्ठ्या टाकून निवडा, तेथे पीक कापून तोला आणि सरासरी काढा. ती नेहमीपेक्षा जितकी खाली तितकी भरपाई त्या क्षेत्रातील सर्व विमेदारांना द्या. समजा, मंडळाचे उंबरठा उत्पन्न हेक्टरी दहा क्विंटल धरले आहे आणि यंदाची सरासरी सात आली. तूट तीस टक्के. विमा चाळीस हजारांचा असेल तर प्रत्येकाला हेक्टरी बारा हजार. ज्याला आठ क्विंटल झाले त्यालाही बारा, ज्याला दोनच झाले त्यालाही बारा. आळशाला बक्षीस नाही, निरीक्षकाला लाच नाही. पण ज्या एकाच्या शेतावर गारा पडल्या आणि शेजाऱ्यांच्या पडल्या नाहीत, त्याला सरासरीच्या पोटात गडप व्हावे लागते. दांडेकरांच्या योजनेत संगणक कोठेही नव्हता, तरी तिचे अंतःकरण यंत्राचेच होते : व्यक्ती बाजूला ठेवा, नियम चालवा. फरक इतकाच की त्या योजनेने 'तुझे शेत मी पाहिले' असा आव आणला नाही. शिवाय पीक कापले जाते ते गावाच्या शिवारात, दिवसाढवळ्या. तराजू लावताना शेतकऱ्याला शेजारी उभे राहता येते, काटा पाहता येतो, 'अहो, पुन्हा तोला' असे म्हणता येते.

पुढे १९७९ साली या पद्धतीचे प्रयोग, १९८५ ची योजना, १९९९ ची योजना आणि २०१६ ची पंतप्रधान पीक विमा योजना असा प्रवास झाला. गारांचे, साचलेल्या पाण्याचे व्यक्तिगत नुकसानही आता नोंदवता येईल, असे त्यात म्हटले गेले. अट अशी की बहात्तर तासांत कळवावे, ॲपवर किंवा फोनवर. बहात्तर तास मुंबई-दिल्लीच्या कचेरीत पुष्कळ वाटतात. ढगफुटी झालेल्या गावात वीज नसते, फोनला रेंज नसते आणि ओढ्यापलीकडच्या शेतात पाऊल टाकता येत नाही, तेव्हा हे तास भराभर संपतात. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून एका रुपयात पीकविमा निघू लागला. अर्ज संगणकावर भरले जात. मग उघडकीस आले की सरकारी आणि देवस्थानच्या जमिनींवरही कोणी कोणी विमे उतरवले होते. यंत्राने ते घेतले, कारण अर्जातल्या सर्व चौकटी भरलेल्या होत्या. गावच्या तलाठ्याला एकदा विचारले असते तर त्याने जागच्या जागी सांगितले असते की ही जमीन देवाची आहे, आणि देव पीककर्ज काढीत नाही. २०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयाची योजना बंद केली आणि भरपाई पुन्हा पीक कापणीच्या उत्पन्नावर आणून ठेवली. म्हणजे फिरून दांडेकरच.

पण तराजूत आता एक नवे वजन आले आहे. २०२३ सालापासून भात आणि गहू या पिकांचे उत्पन्न ठरवताना उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेल्या अंदाजाला किमान तीस टक्के वजन द्यावे असे केंद्राने ठरवले. पुढे सोयाबीनही त्यात आले. उपग्रहाला लाच देता येत नाही, तो सर्व शिवार एका नजरेत घेतो. हे त्याचे गुण खरे आहेत. कापणी प्रयोगांत फेरफार झाल्याच्या तक्रारी नेहमी होत आल्या, तेव्हा त्यांवर एक स्वतंत्र साक्षीदार असणे चांगलेच. पण हा साक्षीदार गावात येत नाही. त्याचा काटा शेतकऱ्याला दिसत नाही, आणि 'पुन्हा तोला' हे शब्द कोणापुढे उच्चारावेत हेही त्याला ठाऊक नसते. माझी सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक मंडळाचे कापणीचे आकडे आणि उपग्रहाचे आकडे शेजारी शेजारी मांडून, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. भरपाई जाहीर होण्यापूर्वी पंधरा दिवस. ज्याला हरकत घ्यावयाची असेल त्याने घ्यावी, आणि तिचे उत्तर कृषी अधिकाऱ्याने ग्रामसभेत उभे राहून द्यावे. याला खर्च खडू-कागदाचा आहे.

शहरातल्या श्रोत्यांनाही हाती धरण्याजोगे काही पाहिजे. घरातल्या सर्व विम्यांची यादी एका वहीत लिहून ठेवा. बँकेतून परस्पर कापले जाणारे हप्तेही त्यात येऊ द्या, आणि वही कोठे आहे ते घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगा. सुनेचे माहेरचे नाव पॉलिसीत असेल तर आजच बदलून घ्या. आणि नकार आलाच तर आधी कंपनीला लेखी विचारा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्यांचे कार्यालय आपल्या पुण्यातही आहे. नकारापासून वर्षाच्या आत जावे लागते. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकील चालतच नाही. पन्नास लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा त्यांना अधिकार आहे आणि सर्व कागद पोचल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यावा असा नियम आहे. २०२१ पासून तक्रार संगणकावरून करता येते आणि सुनावणीही पडद्यावर होऊ शकते. तेथे कंपनीच्या प्रतिनिधीला यावे लागते, कागद समोर ठेवावे लागतात आणि पैसे का नाकारले ते आपल्या देखत सांगावे लागते.